कोबा

उद्यमबागच्या मागच्या गल्लीत, फाउंड्रीच्या भिंतीला लागून
आमचं गॅरेज. कोबा अठ्ठावीस वर्षांचा.
शटरपासून कॉम्प्रेसरपर्यंत तडा,
पिटाच्या कडेला तर बोटभर फट.

हातातून निसटलेलं सगळं तिकडंच घरंगळायचं:
दहाचा नट, सर्क्लिप, व्हॉल्वचं कॉटर.
बाबा म्हणायचे, गेलं ते गेलं, दुसरं घे.
जॅक लावण्याआधी मी टाच आपटून बघायचो,
जमीन कुठं गप्प आहे,
कुठं रिकाम्या डब्यागत बोलतेय.

गेल्या महिन्यात टेम्पोखाली जॅक कलला.
दस्तगीर खाली होता. चार बोटांनी वाचला.
त्या रात्री घरी गेलो नाही लवकर.

अडिव्याप्पा आला यरगट्टीहून, संगं दोन पोरं.
त्याचं मराठी मोजमापापुरतं,
माझं कानडी गिऱ्हाइकापुरतं.
ब्रेकरनं पहिली ढेप उचलली
आणि खाली मुरूम नाहीच,
कुणाच्या तरी शेतातली काळी माती,
उन्हात आक्रसणारी, पाण्यात फुगणारी.
स्वस्तात ट्रॉली मिळाली असणार बाबांना.
अडिव्याप्पानं मूठभर दाबून बघितली,
"एरी मण्णु," म्हणाला,
ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

दस्तगीर ग्रीसच्या डब्यात वेचत होता:
वॉशर, चार आणे, गंजलेल्या स्प्रिंगा.
आणि पिटाजवळ, मातीत उभा रुतलेला,
चौदा-पंधराचा पाना.
दांड्यावर बाबांनी पंच केलेलं अक्षर.

या पान्यापायी लुमाण्णाला काढलं होतं.
सगळ्यांच्या देखत पिशवी झाडायला लावली,
जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावला.
भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता.
मी तेव्हा सोळाचा. पंक्चर काढत होतो.
मान वर केली नाही.

मुरूम आला, धुम्मस झालं, जाळी बसली,
सहा इंच काँक्रीट, पट्टीनं ओढून आरशासारखं.
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं
कटर लावून मधोमध सरळ रेघ पाडली.
अरे, कालच तर केलास की सपाट!
"बिरुकु बरतैति," तो हसला. "तडा येतोयच, मालक.
कुठनं यायचा, तेवढं आपण सांगून ठेवायचं."

आता पंधरा दिवस गॅरेज बंद.
मातीचे बांध घालून पाणी सोडलंय.
रोज सकाळी येतो, शटर अर्धं वर करतो,
पाण्यात पत्र्याचं छप्पर दिसतं, माझे पाय दिसतात.
पाना रॉकेलनं पुसलाय. खिशात जड लागतो.

कडोली इथून अर्ध्या तासावर.
लुमाण्णा तिथंच असतो म्हणतात, पिठाची गिरण आहे.
आज पाणी मारून झालं
की निघेन म्हणतो.
कालही हेच म्हणालो होतो.