सोळा नंबरची घंटा

शिवडी, वजनकाट्याची केबिन, रात्रीचे सव्वादोन.
जुन्या संगणकात नवं कार्ड बसवलंय मी
आणि ते हाक मारत नाही.

ट्रक चढतो. चोवीस टन चारशे.
कार्डाला कळलंय,
प्रोसेसर ढिम्म.

आधी मागितली स्वतंत्र हाक,
थेट नावावर येणाऱ्या पत्रासारखी.
बोर्डाला ती येतच नव्हती.
मग जुनी, सामायिक तार. सोळा नंबर.
एक घंटा, तीन बिऱ्हाडं,
वाजली की ज्यानं त्यानं दार उघडून बघायचं
आपल्याकडे आलंय का.
लाखभर वेळा वाजली.
कुणी आपली म्हणेना,
तेव्हा कर्नलनं तिचा गळाच आवळला.

तांडेल टॉर्च घेऊन पुन्हा निघाले.
"गेटला बेल आहे ना, काका?"
"आहे की."
"मग?"
"बेल वाजली नाही म्हणजे गाडी आली नाही,
असं कुणी सांगितलं तुला?"
चपला फटफटत गेल्या. आल्या.
खाडीचा वास आत आला त्यांच्याबरोबर.

मला हे लिहायचं नव्हतं.
झोपलेल्याला दर दहा मिलिसेकंदांनी उठवायचं,
जा, रजिस्टर बघून ये.
कॉलेजात याला आम्ही हसायचो.

लिहिलं. टायमर लावला.
लॉगमध्ये एक ओळ, पुढे कुणी वाचेल म्हणून:
घंटा मिळाली नाही, फेऱ्या मारतोय.

पुढचा ट्रक. एकोणीस टन आठशे, पडद्यावर.
"आला बघा आकडा," मी म्हटलं.
तांडेल टॉर्च शोधत होते.