तीनपर्यंत मोज

अच्युत रेशिमवाले. नाव रेशमाचं,
नोकरी सुती गिरणीत, फोल्डिंग खात्यात.
भुवयांत कापूस घेऊनच यायचा तालमीला,
म्हणायचा, म्हातारा तयार आहे, मेकअपचे पैसे वाचवा.

मी विंगेत. मांडीवर वही, टॉर्चला लाल कागद.
पहिल्याच प्रयोगात तो मध्येच थांबला
आणि मी घाईनं वाक्य फेकलं.
येणारा हशा जागच्या जागी मेला.
मध्यंतरात चहाची बशी पुढे करून म्हणाला,
"भिया, मी विसरून नाही राहिलो, थांबून राहिलो.
तीनपर्यंत मोज. मग तोंड उघड."

एकतीस वर्षं मोजलं.
रामबागेत, छत्रीबागेत, महूला, देवासला,
आणि उज्जैनला एकदा, अकरा माणसं नि एक कुत्रा.
कुत्रा उठून निघाला तेव्हा
यानं नाटक थांबवून त्याला विचारलं,
"दुसरा अंक वाचलाय वाटतं?"

पुण्याच्या स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं :
विनोदाची जाण उत्तम, भाषा अशुद्ध.
तो कागद त्यानं थंडीत सराफ्यात
गरम गराडूखाली धरला, तेल टिपायला.
"अशुद्ध तर अशुद्ध. कुरकुरीत आहे ना?"

गिरणीला टाळं लागलं त्या रात्रीही प्रयोग होता.
हा शेटजी. वाक्य : "उद्या या, पैसे तयार ठेवतो."
समोर त्याच्याच खात्यातली माणसं, बायकापोरांसह.
"उद्या या..." म्हणून थांबला.
एक. दोन. तीन.
असे हसले लोक, असे हसले,
की मागच्या बाकावरून कुणीतरी शिवी हासडली
आणि सगळं सभागृह गप्प झालं.
पुढचं वाक्य त्यानं फार हळू म्हटलं.

शेवटचा प्रयोगही त्याच नाटकाचा.
"उद्या या..."
एक. दोन. तीन. हशा आला, ओसरला.
चार.
त्याची बोटं धोतराचा काठ चाचपत होती,
ताग्यातला डाग शोधावा तशी.
पाच. सहा.
मग त्यानं विंगेकडे पाहिलं.
कधीच पाहिलं नव्हतं.

मी वाक्य दिलं. जरा मोठ्यानंच गेलं,
पहिल्या रांगेला ऐकू गेलं.
तो संथपणे माझ्याकडे वळला,
कमरेवर हात :
"भिया, तीन झाले नव्हते!"
टाळ्या थांबेनात.

सात झाले होते.
मी कुणाला सांगितलं नाही.