अंगठेबहाद्दर

नोव्हेंबरात कोत्कामध्ये दुपारची कॉफी निवेपर्यंत
बंदरावर दिवे लागतात.
अशाच एका दुपारी घरात तो डबा आला.
टीव्हीखाली बसवला. काळा, पापणी नसलेला.
खोक्यावर छापलेलं: कंट्रोलर नको, तूच कंट्रोलर.
मी हसले.

माझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा आहे,
सतरा वर्षांचा, नखाच्या डाव्या अंगाला.
माझं सगळं शिक्षण त्या घट्ट्यात:
किती दाबलं की उडी,
किती अर्धवट दाबलं की नुसतं बिचकणं,
सेकंदाच्या साठ फ्रेम, त्यातली तिसरी,
आणि तिथेच वार.
आम्ही अंगठेबहाद्दर.
कोणी अडाणी म्हणो,
आमचा ठसा स्पर्धेच्या फळ्यावर.

तर उभी राहिले, कार्पेटवर, मोज्यांत,
रिकाम्या हातांनी.
उजवा हात उगारला.
पडद्यातल्या बाईने थोडा विचार केला,
मग उगारला.
पुन्हा उगारला. पुन्हा थोडा विचार.
एवढ्या वेळात तार्तूचा काउपो मला दोनदा मारतो
आणि तिसऱ्यांदा मारण्याआधी जांभई देतो.
मग यंत्राने खुर्चीवरच्या कोटाला
दुसरा खेळाडू म्हणून नोंदवून घेतलं.
कोट तीन गुणांनी पुढे.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बाबा दारात. हातात हेरिंगची ताटली.
रेइयो लेहतोला, बंदरात एकतीस वर्षं,
क्रेनखाली उभा राहणारा माणूस.
वर काचेच्या खोलीत चालवणारा,
खाली बाबा,
मधे नुसता वारा, हाक न पोचवणारा.
बोट फिरवलं की उचल.
तळवा पालथा की सावकाश.
मूठ म्हणजे थांब. काहीही होवो, थांब.
वीस टनांचं ओझं
त्यांच्या रिकाम्या हाताला बांधलेलं असायचं.

"हो बाजूला, तुइरे."
ताटली कोटाच्या मांडीवर ठेवली.

ते यंत्रासाठी थांबतच नव्हते.
चेंडू दिसायच्या आधी हात निघालेला,
घाई नाही,
जिथे चेंडू असेल तिथल्या हवेशी
आधीच बोलून मोकळा.
"उशीर करतं ते," मी म्हटलं.
"करणारच. क्रेन तर तीन श्वास घ्यायची.
लोंबतं ओझं आत्ता कुठे आहे ते बघत बसायचं नाही,
कुठे असेल, तिकडे हात करायचा."

चौदा चेंडू. एकही सुटला नाही.
पंधराव्याला त्यांनी मूठ मिटली, वर धरली.
खेळ थांबला नाही.
चेंडू छातीतून आरपार गेला.
ते तसेच उभे. मूठ वरच.
एका हिवाळ्यात ती मूठ वरून दिसली नव्हती,
एवढंच मला माहीत आहे.
त्याहून जास्त मी कधी विचारलं नाही.
मग म्हणाले, मासा गार होतोय.

रात्री काउपोने विचारलं:
कसं आहे ते नवं? आपल्या कामाचं?
मी लिहिलं, नाही.
खोटं नाही ते. माझी घाई त्याला कळत नाही,
आणि हातात काही नसलं
की माझा हात कुठे संपतो ते मला कळत नाही.
तरी खोडलं.
पुन्हा लिहिलं, नाही, आणि पुढे स्वल्पविराम,
आणि स्वल्पविरामापुढे काही सुचेना.

कंट्रोलर उचलला. घट्टा जागेवर बसला.
खिडकीबाहेर क्रेन. आता तिच्याखाली कोणी उभं नसतं,
कॅमेरे असतात, पापणी नसलेले.
स्वयंपाकघरात नळ चालू होता
आणि बाबा ओल्या तळव्याने
हवेत काहीतरी सावकाश खाली उतरवत होते.

चल, काउपो म्हणाला.
मी नेहमीपेक्षा जरा आधीच निघाले
आणि सपशेल हरले.