पाचव्या वादकासाठी

जुन्या बाजारात, रविवारी,
ट्रकचा ब्रेक ड्रम मी बोटाच्या पेरानं वाजवून पाहत होतो,
माठ घेताना आई पाहते तसा.
रज्जाकभाई म्हणाले, वजनावर देतो,
आवाजाचे पैसे घेत नाही.
अकरा किलो भरला.
रिक्षावाल्यानं त्याचे वीस रुपये वेगळे लावले.

ऋतुजा परचुरेनं सहा जणांसाठी लिहिलंय हे.
दोन पखवाज, धुम्याला कणीक न लावता,
शहाबादी फरशीचे तुकडे,
परात आणि मूठभर तांदूळ,
बादलीत बुडवायची घंटा,
आणि मी.
अडतीस मिनिटांत मला एकच आघात आहे.
सातशे एकोणीसाव्या ठोक्याला.
तोवर काय करू?
मोज, ती म्हणाली,
पण ओठ हलवू नकोस.

बारा वर्षं तबला शिकलो.
बोटांना समेची खोड,
कुलूप लागलंय ना हे बघायला
जिना पुन्हा चढून येणाऱ्या माणसासारखी.
या रचनेत दार आहे, जिना आहे,
कुलूप तिनं लिहिलेलंच नाही.

एरंडवण्यातला छोटा हॉल. एक्केचाळीस खुर्च्या.
पहिल्या रांगेत साठे नावाचे गृहस्थ
मान डोलवायच्या तयारीनं आले होते.
पाच, मग सात, मग साडेअकरा,
मानेला उतरायला जागाच मिळेना.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं,
अजून जुळवतायत वाटतं.

चारशे बारा. चारशे तेरा.
शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली.
मी तीही मोजली.
गेलं सगळं.

घाम फुटला. आणि मग,
मोजायला काहीच उरलं नाही तेव्हा
परातीतले तांदूळ ऐकू आले.
नचिकेत घंटा पाण्यात उतरवत होता,
सूर खाली वाकत गेला,
म्हातारा माणूस पायरी चाचपतो तसा.
फरशीवर कुणी खडा ओढला.
कर्वे रोडवर बसनं ब्रेक लावला, लांबलचक.
ते रचनेत होतं की नाही, विचारायला कुणी नव्हतं.
ऋतुजाचे डोळे मिटलेले.

मी हातोडी उचलली.
इतकी वाट पाहून आलेला आघात
माझ्या आयुष्यात हा पहिलाच.

कागदावर पुढे लिहिलंय:
वादकाला ऐकू येईनासं होईपर्यंत हलू नये.
बाकीचे हलले. खुर्च्या सरकल्या,
टाळ्या, चपलांचा शोध.
मी उभाच.
साठ्यांची मान एकदा, अगदी हळू,
खाली आली.

नऊ ठोके उशीर, ऋतुजा म्हणाली,
तांदूळ वेचता वेचता.
पुढे काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी रज्जाकभाईंनी विचारलं, वाजला?
एकदा.
ते हसले. गाडीत असता
आणि एकदा वाजला असता,
तर लोकांनी गॅरेज गाठलं असतं.
दुसरा दाखवू? जोडी होईल.
मी थांबा म्हणालो, हातानंच.
हा अजून संपला नव्हता.