निळी खूण

नवतपा लागला त्याच दिवशी शॉवरचा वाल गेला,
दोन मुठींपैकी निळ्या खुणेची.
गेला म्हणजे बंद होईना.
आधी मूठ बोटभर ढिली झाली,
मग नुसतीच फिरत राहिली गोल गोल,
आणि झारीतून पाणी ठिपकलं रात्रभर,
भिंतीच्या आतही कुठेतरी.

मी सदतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले.
मोजल्याशिवाय मला तक्रार करता येत नाही.
सत्तावीस मिनिटांत एक मग,
दिवसाला त्रेपन्न,
आणि खालच्या वासेकरबाईंच्या छताला
पापडाएवढा ओला डाग,
जो परातीएवढा झाल्याचं
त्यांनी स्वतः जिना चढून कळवलं.

शालिक हेडाऊ अकराला येतो म्हणाला, दीडला आला.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
दोन तांबे पाणी प्यायला.
वालकडे बघितलंच नाही आधी,
टाइल वाजवली तीन ठिकाणी टिचकीनं,
टरबूज घेताना वाजवतात तशी.
"वरचा गेट वाल बंद करा जी."

गच्चीवर पंचेचाळीस अंश.
चाक हाताला धरवेना.
बनियन काढून त्यावर गुंडाळली,
तीन फेरे, चौथा अर्धा.
दुसऱ्या मजल्यावरून कोणी तरी ओरडलं,
"डोक्याला साबण आहे ना बे!"
मी खाली वाकून पाहिलं नाही.

उतरलो तर स्पिंडल शालिकच्या तळहातावर.
हिरवं पडलेलं पितळ,
त्यावर बोअरच्या पाण्याचा वीस वर्षांचा चुना.
वॉशरची जागा होती,
वॉशर नव्हता.
"हा कंपनीनं बनवणं सोडला, काका.
आता आख्खा बदलतात. टाइल फोडा, नवा मिक्सर,
साडेसहा हजार धरून चाला."
टाइलांवर बदकं आहेत, कुंदानं बर्डीवर निवडलेली,
चार दुकानं पायाखाली घालून.
स्वयंपाकघरातून आवाज आला,
"एक जरी बदक फुटलं तर मी चालली वर्ध्याला."
शालिकनं दुपट्टा पुन्हा बांधला.
"थांबा. इतवारीत एक जण आहे."

साडेपाचला परतला.
कुठल्याशा बंद पडलेल्या लॉजचं स्पिंडल,
पोत्यात कोपरापर्यंत हात घालून शोधलेलं.
किती प्रवाशांनी फिरवलं असेल ते,
पहाटेच्या गाड्या पकडण्याआधी.
त्याच्या गळ्याशी तो सूत गुंडाळू लागला,
अंगठ्यानं दाबत, एकाच दिशेनं, न तुटता.
मी विचारलं, "कोष्टी ना तुम्ही? घरी माग असेल."
"आजाचा होता."
"म्हणूनच हात इतका..."
"नाही जी. आयटीआय केलं मी. दोन वर्षं."
सफेद्याचा वास पसरला.
मी टॉर्च नीट धरली.

पुन्हा गच्ची, चाक उलटं, साडेतीन फेरे.
पाइप खोकला, तांबडं थुंकला, मग साफ झाला.
मूठ आवळली. दोघंही झारीखाली मान वर करून उभे.
एक थेंब लोंबला.
बराच वेळ लोंबला, पडला.
तो आधीचा होता.
मागून दुसरा आला नाही.

शालिक हात धुवायला गेला, निळी फिरवली,
आणि "माय वं!" करत हात मागे घेतला.
नवतप्यात टाकीचं पाणी निळीतूनच उकळत येतं.
गार हवं तर लाल फिरवायची,
बंद गिझरच्या पोटात
रात्रभर सावलीला बसलेलं पाणी.
हे इथं पोरासोरांनाही ठाऊक, त्यालाही होतंच,
पण दिवसभराचा थकवा होता.
हात झटकत म्हणाला,
"खुणा बदलून देऊ काय? दोन टोप्या तर हायेत.
त्याचे पैसे नको."

मी विचारात पडलो.
खोटं रीडिंग मी कधी लिहिलं नाही.
पण यातलं खोटं कोणतं,
आताचं की दिवाळीतलं?
कुंदा ताकाचा पेला घेऊन आली.
"राहू द्या," ती म्हणाली, "पंधरा दिवसांसाठी कशाला."
तो उभ्यानंच ताक प्यायला,
सातशे घेतले, पन्नास परत केले.

वासेकरबाईंचा डाग वाळला.
कड तेवढी राहिली, चहाच्या रंगाची.
सकाळी मी अंधारातच आत गेलो, लाइट न लावता,
लाल चाचपली,
फिरवली.