पाणसळ

मनगट दुखतंय म्हटलं की लोक हातच पाहतात.
औषधाच्या दुकानातल्या ओतिलियाने पट्टा दिला, मलम दिलं,
वर विचारलं, "छाटणी संपली ना तुझी?"
संपली. दोन आठवडे झाले.
काळ्या राखेतल्या खड्ड्यांत उतरून
एकेका वेलीपुढे गुडघे टेकत
बाराशे वेली छाटल्या मी या हिवाळ्यात.
तेव्हा नाही दुखलं.
दुखलं ते सायकल आल्यावर.

सायकल कशी, तर सुरीसारखी.
तीन वर्षांच्या जादा पाळ्या वितळल्यात तिच्यात.
पुढे दोन दांडे, बोकडाच्या शिंगांसारखे.
कोपरं टेकायची, पाठ आडवी करायची
आणि वाऱ्याला सांगायचं, इथे कुणी नाही.
वारा ऐकत नाही.
या बेटावर तो घरचाच,
दार न वाजवता येतो.

उगा ते याइसा, याइसा ते मिठागरं.
चाळिसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी
एक तार तापायला लागते.
पन्नासाव्याला करंगळीत मुंग्या.
तासानंतर गिअरचं बटण दाबायचं म्हणजे
दुसऱ्या कुणाचा तरी हात उसना मागायचा.
मी आणखी घट्ट धरायचे.
मला तेच येतं.
आईची चाकांची खुर्ची, छाटणीची कात्री, हप्त्यांची वही.
पोरीच्या मनगटात जोर आहे, असं म्हणत म्हणत
काय काय सोपवलं गेलं माझ्यावर,
त्याची यादी नको.

एउस्ताकियोने हात पाहिलाच नाही.
मला खाली उतरवलं,
खिशातून पाणसळ काढून सीटवर ठेवली.
बुडबुडा सरकत मागे गेला
आणि तिथेच बसून राहिला, शाळेतल्या ढ पोरासारखा.
"घसरतेयस," तो म्हणाला. "सीटचं टोक खाली आहे. दोन अंश असेल.
तू पुढे घसरतेस, हात तुला मागे ढकलतात.
तास तासभर. मग ते कुरकुरणार नाहीत तर काय?"

पाना शोधता शोधता बापाची गोष्ट.
बाप उंटांवर कांदे लादून बंदरावर न्यायचा.
उंटाच्या खांद्याला फोड आला
तर खांदा नाही बघायचा,
गाठी सोडायचा, ओझं पुन्हा बांधायचा.
"फोड खरं बोलतो," एउस्ताकियो म्हणाला,
"पण पत्ता चुकीचा सांगतो."
पाना त्याच्याच दुसऱ्या हातात होता.

सीट सपाट झाली.
कोपरांच्या गाद्या बोटभर मागे आल्या,
दांड्यांची टोकं जराशी वर.
"हाडावर टेक. हाडं फुकट राबतात,
स्नायू मजुरी मागतात."
आणि तुझी मजुरी?
"द्राक्षं उतरली की एक बाटली. गोड नको."

आज पहाटे मिठागरांपर्यंत गेले.
चाळीस मिनिटं. पन्नास. मुंग्या नाहीत.
एल गोल्फोच्या वळणावर वारा कडेने घुसला
तेव्हा डाव्या हाताने सवयीने मूठ आवळली
आणि ती तार पुन्हा,
हलकीच,
तापली.
म्हणजे दोन अंश सीटचे होते.
उरलेले माझे.
त्यांना बसेल असा पाना उगात कुणाकडे नाही.

परतताना एकेक बोट सुटं केलं.
आधी करंगळी, ती सगळ्यात घाबरट.
मग बाकीची.
अंगठा तेवढा बटणावर, नावापुरता.
सायकल आपली सरळच चालली होती,
जणू मी धरलं होतं ते
तिला कधी कळलंच नव्हतं.

घरी येऊन आईला पलंगावरून खुर्चीत घेतलं.
मान माझ्या खांद्यावर टेकवून ती म्हणाली,
"आज हळू धरलंस."
मी म्हटलं, सीट सरळ करून घेतली.