हाउजीच्या पिशवीतून

हिरवं दिसलं की हात तिकडेच जातो,
म्हणून कुंकळयेकर सर म्हणाले, हातावर विश्वास ठेवू नकोस.
भिंतीचे नव्वद चौकोन कर, खडूने,
आणि आकडा दुसऱ्या कुणाला काढू दे.

भिंत पारोड्याची, इनासिन बायची,
जांभ्याची, कमरेएवढी.
विहिरीपाशी सुरू होते, चुलीच्या धुराआडून वळते,
डुकरांच्या रिकाम्या खुराड्याशी येऊन थकते.
पाऊस जाऊन दोन महिने झालेले,
शेवाळ बरंचसं तपकिरी, बोटाखाली कुरकुरणारं.

"कितें सोदता गो?"
जनावरं, मी म्हटलं.
तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आठ पायांची, अस्वलासारखी डुलत चालणारी,
पण सुईच्या नेढ्यातून
दोघं शेजारी शेजारी जातील एवढी.
ती काही न बोलता आत गेली.
मला वाटलं, आता फाटक दाखवणार.
बाहेर आली ती हाउजीची पिशवी घेऊन:
एक ते नव्वद, लाकडी, कडा झिजलेले.

रेनाल्ड, तिचा नातू, पायरीवर बसला
आणि फेस्ताच्या मांडवातल्या आवाजात ओरडू लागला,
"चार आणि सात, सत्तेचाळीस!"

सत्तेचाळीस म्हणजे चुलीमागे.
काजळी, आणि काजळीखाली
शेवाळ म्हणायला लाज वाटावी असा पापुद्रा.
विहिरीकडचा तीन नंबर,
मखमली, ओथंबलेला, सकाळपासून माझ्याकडे बघणारा,
पिशवीच्या तळाशीच राहिला.
बारा आकडे निघाले. तीन नाही.

सुरीने रुपयाएवढा तुकडा, जास्त नाही.
कागदी पाकीट; प्लॅस्टिकमध्ये त्याला घाम फुटतो, कुजतं.
वर पेन्सिलने तारीख, जांभा, भिंतीचं तोंड कुठे, ऊन किती.
एकसष्टवर पोहोचले तर तिथे ओला चुना.
सायबिणीच्या फेस्तासाठी कालच त्या टोकाकडून सुरुवात केलेली.
शेजारचा घेऊ? मी फोनवर विचारलं.
"चुना होता असं लिही. पुढे शून्य."
हाउजीत शून्य नसतं, रेनाल्ड म्हणाला.

मग, बाय आत आणि पोर पिशवी आवळत असताना,
मी तीन नंबरचाही तुकडा घेतला.
पाकिटावर काहीच लिहिलं नाही.

रात्रभर ताटल्यांत पाणी.
सकाळी एकेक तुकडा चिमटीत पिळला, चाळणीतून गाळला,
डोळा भिंगाला लावला.
सत्तेचाळीसमध्ये अर्धा तास नुसती माती.
मग मातीच्या एका कणाने पाय ताणले.
मग दुसऱ्याने.
एकोणीस मोजले, पुन्हा मोजले, एकोणीसच.
रोज चुलीबरोबर सुकायचं, दंवाबरोबर उठायचं,
असा संसार त्यांना मानवलेला.
आणि माझ्या चोरट्या मखमलीत
वळवळणारे सूतकृमी, चार-दोन चक्रधर,
अस्वल एकही नाही.
ते पाकीट तक्त्यात नाही. सरांनाही सांगितलेलं नाही.

आठवड्याने खडू पुसायला गेले.
भिंत पांढरीशुभ्र, विहिरीपासून खुराड्यापर्यंत,
फक्त चुलीमागे दोन हात तशीच काळी.
"कितलीं मेळ्ळीं?"
एकोणीस, म्हटलं.
ती पापुद्र्यापाशी वाकली,
जशी कुणी पाळण्यात डोकावते,
आणि हळूच विचारलं, "उदक घालूं?"
नको बाय, मी म्हटलं,
सुकू दे.